दादाचा चष्मा

परवा इथेच, पेणमध्ये, डोळे तपासायला गेले होते. काचबिंदूची शंका होती म्हणून डॉक्टरांनी ओसीटी करायला सांगितलं. हनुवटी टेकवायची, आतल्या खुणेकडे बघायचं, पापणी हलवायची नाही. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. नुसत्या प्रकाशाने मोजणारं हे तंत्र 1991 साली जगापुढे आलं. पाच मिनिटांत माझ्या डोळ्याचा पडदा संगणकावर आला. घावनांची चवड रचावी तसे थरावर थर!

डॉक्टर आमच्याच शाळेचे, त्यामुळे मी अजून 'बाई'च. म्हणाले, "बाई, हा तुमचा मेंदूच आहे असं समजा."

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. त्यांना म्हटलं, नीट सांगा. तेव्हा कळलं की, गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास डोळ्यांचे कोंब मेंदूतूनच फुटतात. पडदा हा मेंदूचाच भाग, आणि तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत दहा लाखांच्या आसपास तंतू असतात. कवटी न उघडता बघता येणारा मेंदू तेवढाच.

हे ऐकलं आणि मला रोह्याचा दादा आठवला.

2011 ची गोष्ट. दादा म्हणायचा, "चष्म्याचा नंबर बदललाय गं." वाचताना ओळी सुटायच्या. चहा कपाऐवजी बशीत पडायचा. वर्षभरात तीन चष्मे झाले, मोतीबिंदूही काढला. दर वेळी उत्तर एकच, डोळे ठणठणीत! एकदा गणपतीला माझ्याकडे यायला निघाला आणि एक स्टेशन आधी कासूलाच उतरला. तासभर फलाटावर बसून होता. आम्ही सगळे पोट धरून हसलो. तोही हसला. दोन वर्षांनी अल्झायमरचं निदान झालं. डोळे बिघडले नव्हतेच, डोळ्यांनी आणलेलं समजून घेणारा मेंदू थकला होता.

घरी आल्यावर नातवाला बसवून वाचून घेतलं. अल्झायमर आणि पार्किन्सनच्या बऱ्याच रुग्णांत पडद्याचे काही थर पातळ झालेले आढळतात. लंडनच्या संशोधकांनी 2023 मध्ये दाखवलं की, पार्किन्सनच्या खुणा पडद्यात निदानाच्या सरासरी सात वर्षं आधी दिसू शकतात. लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाय रुग्णालयात तर हळदीतलं कर्क्युमिन पोटात देऊन, अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन पडद्यात चमकताना पाहिलं. तो अभ्यास 2017 मध्ये आला. आपल्या वरणातली हळद आणि हे काम! (म्हणून कोणी चमचे भरभरून हळद खाऊ नका हो. ते डोळ्यात खुणा दिसाव्यात म्हणून होतं, औषध म्हणून नव्हे.)

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. "मग माझ्या कागदावर काय दिसतंय?" डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. "बाई, पडदा काचबिंदूनेही पातळ होतो, मधुमेहाने होतो, वयाने होतो. हजारो माणसांची सरासरी काढली की फरक दिसतो. एकट्या माणसाला यावरून सांगता येत नाही, अजून तरी नाही." काचबिंदूची सुरुवात आहे म्हणाले, थेंब दिले.

परत येताना स्वतःलाच विचारत होते, सांगता आलं असतं तर ऐकलं असतं का? सात वर्षं आधी? दादाचं माहीत असूनही उत्तर देता येईना. कळलं म्हणून आजार थांबत नाही. पण दादाला आधी कळलं असतं तर त्याने बँकेचं, घराचं स्वतःच्या हाताने मार्गी लावलं असतं. आणि आम्ही हसलो नसतो. मला तेच जास्त टोचतं.

2023 मध्ये आलेल्या एका मोठ्या पाहणीनुसार आपल्या देशात साठीच्या पुढे शंभरात सात जणांना तरी स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे तुमच्या-माझ्या नात्यात कोणी ना कोणी असणारच. तेव्हा घरातलं वडीलधारं माणूस नवा चष्मा घेऊनही 'दिसत नाही' म्हणत असेल, तर दुकान बदलू नका. आणखी काय काय चुकतंय ते विचारा आणि मेंदूच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. त्याला यंत्र लागत नाही.

मुलाला आणि सुनेला सांगून ठेवलंय, मी कधी कासूला उतरले तर हसू नका.

थेंबांची वेळ झाली, उठते.