तारा टिंबच हवा

मार्चमधली अमावास्या जवळ आली की मी भंडारदऱ्याला जायच्या खटपटीला लागतो. तोवर धरणाचं पाणी ओसरायला लागलेलं असतं आणि मुरशेतच्या बाजूला काठाचा लांबलचक पट्टा उघडा पडतो. समोर पाणी, पलीकडे पाबरगड-घनचक्करची रांग, आणि मुंबई-नाशिकचा पिवळट उजेड बऱ्यापैकी पाठीमागे. आकाशगंगेचा गाभा त्या दिवसांत रात्री दीडच्या सुमारास आग्नेयेला उगवतो. साडेपाचपर्यंत तो चांगला वर येतो, मग उजाडायला लागतं. म्हणजे कामाचे तास जेमतेम चार.

या चार तासांत शार्प फोटो मिळवायचा तर भारी कॅमेरा हवा, असं मला सुरुवातीला जो तो सांगायचा. भारी कॅमेऱ्याने एवढंच होतं की हललेला फोटो जास्त मेगापिक्सेलमध्ये हललेला दिसतो. खरं कौशल्य आहे ते फोटो कुठे आणि कसा बिघडलाय, हे ओळखण्यात. ते मला त्या काठावरच कळलं, आणि कळायला कारण झाले ज्यांच्या अंगणात मी तंबू टाकतो ते मामा.

बारा सेकंदांचं एक्स्पोजर घेतलं होतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो झकास. मोठा करून पाहिला तर तारे लांबुळके. पृथ्वी फिरते म्हणून तारे ओढले जातात हे माहीत होतं, पण इथे डोंगराची धारही दुहेरी दिसत होती. डोंगर काही फिरत नाही! वारा पडलेला, ट्रायपॉड दणकट, शटर टायमरवर. मामा शेकोटीपाशी बसून हे सगळं बघत होते. उठून आले, ट्रायपॉडच्या पायापाशी बोटाने माती दाबली आणि म्हणाले, ‘‘सायेब, तुमचं स्टँड खाली बसतंय. वरून वाळल्यावानी दिसतं, आतून गाळ हाय ह्यो.’’

मातीवरची पापडी कडक होती, पण खाली ओला गाळ. कॅमेरा, लेन्स आणि ट्रायपॉड मिळून चार-साडेचार किलो वजन तीन टोकांवर आलं की ती टोकं सावकाश रुतत जातात. डोळ्यांना हे दिसत नाही, सेन्सरला दिसतं. तिथे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी हालचालही पुरते. मामांनी तीन चपटे दगड आणून पायांखाली ठेवले आणि प्रत्येकावर पाय देऊन तो गच्च बसवला. पुढच्या फ्रेममध्ये पाबरगडाची धार सुरीने कापल्यासारखी आली.

तेव्हापासून फोटो मोठा केला की मी आधी डोंगर बघतो, तारे नंतर. डोंगरही दुहेरी असेल तर गडबड ट्रायपॉडची. मग मधला दांडा खाली, पायांच्या जाड नळ्या आधी उघडायच्या, बारीक नळ्या शक्यतो आतच ठेवायच्या. वारा असेल तर बसून काम करायचं, कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर. गळ्यात अडकवायचा पट्टा काढून ठेवायचा, कारण तो फडफडतो. ट्रायपॉडच्या हुकाला बॅग टांगा, असं सगळीकडे शिकवतात. टांगा, पण तिचं बूड जमिनीला टेकू द्या, नाहीतर ती वाऱ्याने हेलकावे खाते आणि कॅमेऱ्यालाही हलवते. इमेज स्टॅबिलायझेशन बंद. हात थरथरत नसतानाही थरथर शोधत बसणं हा त्याचा धर्म. मिरर लॉकअपचा बाऊ मात्र मला पटत नाही. आरसा उडाल्याचा धक्का क्षणभराचा असतो. अर्ध्या सेकंदाच्या फोटोत तो दिसेल, बारा सेकंदांत विरून जातो.

डोंगर स्वच्छ आणि फक्त तारे ओढलेले असतील, तर वेळ जास्त झालाय. इथे पाचशेचा नियम म्हणून एक हिशेब चालतो: पाचशेला लेन्सच्या मिलिमीटरने भागा, तेवढे सेकंद शटर उघडं ठेवा. माझी लेन्स २० मिलिमीटरची, म्हणजे २५ सेकंद. हा हिशेब फिल्मच्या काळात ठीक होता. आकाश तासाला १५ अंश सरकतं. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम सेन्सरवर, २० मिलिमीटरच्या लेन्समध्ये, खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर चार सेकंदांना साधारण एक पिक्सेल पुढे जातो. पंचवीस सेकंदांत सहा पिक्सेल झाले, म्हणजे टिंबाची काडी झालीच. बारा सेकंदांत तीन. ते खपून जातं. उत्तरेला ध्रुवाजवळ तारे हळू सरकतात, तिथे थोडी सवलत मिळते. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून वीसेक अंशांवरच असल्याने तो डोंगराआड नसेल अशी जागा मात्र शोधावी लागते.

सगळंच मऊ आणि फुगीर दिसत असेल, तर दोष फोकसचा. लेन्सवर आडव्या आठची खूण असते, तिथे रिंग लावून निश्चिंत होणाऱ्यांची मला कीव येते. बऱ्याच लेन्स त्या खुणेच्या पलीकडेही फिरतात, आणि खरी जागा अलीकडे की पलीकडे हे लेन्सनिहाय बदलतं. ऑटोफोकस बंद करून मी ज्येष्ठा नक्षत्रातला तो तांबूस ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये घेतो आणि दहापट मोठा करतो. आधी एक थरथरता गोळा दिसतो. रिंग केसभर फिरवली की गोळा आकसतो, कडेचा जांभळट रंग ओसरतो आणि एका जागी उरतो फक्त एक टोचणारा ठिपका. तिथे थांबायचं नाही. मुद्दाम पुढे जायचं. तो पुन्हा फुगायला लागेल आणि कडेला वेगळाच रंग धरेल. मग मागे यायचं. असं दोन्हीकडून येऊन सापडलेली जागाच खरी. ती सापडली की रिंगवर कागदी टेप. पहाटे गारठा वाढला की फोकस थोडा सरकतो, म्हणून तीनच्या सुमाराला टेप काढून पुन्हा सगळा खेळ. गारठ्याबरोबर दवही येतं. लेन्सभोवती पॉवरबँकवर चालणारी गरम पट्टी गुंडाळली नाही, तर काच कधी धुरकटली ते कळतही नाही.

फक्त कोपऱ्यातल्याच ताऱ्यांना पंख फुटले असतील, तर तो लेन्सचा स्वभाव. एफ १.८ वरून २.८ वर या, पंख बरेचसे गळून पडतात. उजेड कमी होतो तेवढा आयएसओ वाढवायचा. मी ३२०० ला कचरत नाही. दाणे दिसतात. दाण्यांचा फोटो छापून भिंतीवर लागतो, हललेला लागत नाही.

काठावरचा दगडगोटा आणि तारे एकाच फ्रेममध्ये शार्प मिळत नाहीत. त्यासाठी मी जमिनीचा वेगळा फोटो घेतो: फोकस दगडावर, आयएसओ ८००, दोन-तीन मिनिटं. दोन्ही फोटो नंतर घरी जोडतो. काही जणांना ही लबाडी वाटते. जागा तीच, रात्र तीच आणि ट्रायपॉड तसूभरही हललेला नाही, तोवर मला वाटत नाही.

राहिला प्रश्न माणसांच्या उजेडाचा. शनिवारी काठावर तंबूंची जत्रा असते, स्पीकर असतात आणि कुणीतरी आकाशात टॉर्च फिरवत असतंच. मधल्या वारी जा. आणि तुम्ही स्वतः तंबूत असाल नि अंधारात कुणी मिणमिणता लाल दिवा घेऊन ओणवा झालेला दिसला, तर त्याच्यावर टॉर्च मारू नका, हाक मारा. दहा-बारा सेकंदांत तो उत्तर देईल.