कात्री कुठं चालवायची?

संकलकाला सिनेमा निवांत बघता येत नाही. थिएटरात लोक हसत-रडत असतात आणि याच्या डोक्यात कट मोजणं चालू. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’बद्दल (2016) तेव्हापासून एक तक्रार कानावर येते : मध्यंतरानंतर रेंगाळतो, हैदराबादचा भाग कापायला हवा होता. माझं मत उलटं आहे. कात्री चालवायचीच असेल, तर ती आधीच्या भागात.

अजय-अतुल यांची गाणी चार, आणि चारही मध्यंतराआधी. करमाळ्याकडचा मुलूख सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या कॅमेऱ्यात असा काही दिसतो, की आपणही गोष्टीतल्या त्या प्रेमात पडलेल्या पोरांइतकेच हरखून जातो. हरखणं हवंच. पण एकदा हरखलेल्या माणसाला स्लो मोशनमध्ये पुन्हा पुन्हा कशाला हरखवायचं?

या भागाला तोलून धरते ती नायिका आर्ची. तिच्या प्रेमात पडलेला पर्श्या पळत येऊन विहिरीत उडी टाकतो; आत ती मैत्रिणींबरोबर पोहतेय. आपल्या सिनेमाच्या रिवाजानं मुलीनं लाजायचं असतं. ही त्याला बाहेर हो म्हणून दम देते. वर्गात टक लावून बघते ती, बावचळतो तो. तिचं बुलेट, ट्रॅक्टर चालवणं वगैरे पुढचं. रिंकू राजगुरूनं ही पोरगी उभी केली ती नुसत्या नजरेनं.

आणि मग पळून गेलेल्या दोघांचं हैदराबाद. झोपडपट्टीतली खोली, संडासाची किळस, तिथं भेटलेल्या सुमनअक्काचा आधार, पोटापाण्याची कामं. एकही गाणं नाही. प्रेमाचे बहुतेक सिनेमे जोडपं पळून गेलं की संपतात. हा तिथून घरखर्चाला बसतो. पर्श्या संशयानं आर्चीवर हात उगारतो, तेव्हा तासभर जपलेला हिरो दिग्दर्शक आपल्या हातातून काढून घेतो. फार धाडसाचा प्रसंग आहे तो. हे सगळं सावकाश घडतं म्हणूनच त्यांचा संसार खरा वाटतो, आणि म्हणूनच शेवटी पडद्यावरचा आवाज गेल्यावर त्यांच्या लेकराची रक्तानं माखलेली पावलं सहन होत नाहीत. वीस मिनिटं कापा, तो शेवट नुसता धक्का उरेल.

उणं आहे ते वेगळंच. पर्श्याचे मित्र लंगड्या आणि सल्या मध्यंतरानंतर जवळजवळ गायबच होतात. तानाजी गळगुंडे आणि अरबाज शेख यांनी एवढा जीव ओतलेली माणसं अशी वाऱ्यावर सोडायची? त्याहून मोठी उणीव आर्चीच्या भावाची, प्रिन्सची. वर्गात मास्तरांच्या कानाखाली वाजवणारा हा पोरगा. त्या एका प्रसंगात गावातली सगळी सत्ता कळते. पुढं मात्र तो फक्त डोळे वटारणारा खलनायक राहतो. बहीण पळाल्यावर त्यांच्या वाड्यात जेवणं कशी होत असतील, कोण कोणाशी बोलत असेल, काही दिसत नाही. आर्ची आईला फोन लावते, तेवढाच काय तो धागा.

फोन ठेवल्यानंतरचा वाड्यातला एक प्रसंग मी दिग्दर्शकाकडं मागून घेतला असता. बदल्यात विहिरीवरचे दोन शॉट खुशाल सोडले असते.