परसातली कचेरी

गेल्या पाच वर्षांत आपल्या ओळखीतल्या किती घरांच्या मागे लाकडी खोल्या उभ्या राहिल्या, मोजून बघा. कोविडमध्ये जेवणाच्या टेबलावर सुरू झालेलं ऑफिस आधी बॉक्सरूममध्ये गेलं आणि आता गवतावर आलंय. यंदा आमच्याही परसात एक उभी राहिली. ती बांधताना सुतारापेक्षा अकाउंटंटशीच जास्त बोलणं झालं. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कोणीतरी त्याबद्दल विचारतंच, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

माझी स्वतःची छोटी लिमिटेड कंपनी आहे, नवरा नोकरीत. त्याच्या पगारातून बांधली तर करात सवलत नाही. घरून काम केल्याबद्दल मालक आठवड्याला ६ पौंड करमुक्त देऊ शकतो, तेवढंच. मग सगळे म्हणाले, "कंपनीच्या खर्चात टाक ना!" ऐकायला सोपं वाटतं. पण पाया, भिंती, छप्पर हा भांडवली खर्च. धंद्याच्या इमारतींना दरवर्षी जी वजावट मिळते, ती घराच्या आवारातल्या ऑफिसला मिळत नाही. वायरिंग, हीटर, टेबल, खुर्ची यांवर मिळते. कंपनी व्हॅटसाठी नोंदलेली असेल, तर कामाच्या वापरापुरता व्हॅटही परत मागता येतो.

खरी मेख पुढेच आहे. खोली फक्त आणि फक्त धंद्यासाठी वापरली, तर घर विकताना तेवढ्या भागाच्या नफ्यावर राहत्या घराची भांडवली करमाफी मिळत नाही. म्हणून थोडा घरगुती वापर असलेला बरा. पण कंपनीच्या पैशाने बांधलेल्या खोलीत घरगुती वापर नगण्य राहिला नाही, तर तो संचालकाला मिळालेला लाभ ठरतो. त्यावर मला आयकर आणि कंपनीला नॅशनल इन्शुरन्स. म्हणजे घरच्यांनी यावं, पण फार येऊ नये.

हे आमच्या आईला कसं सांगायचं? ती पुण्याहून सहा महिन्यांसाठी येते. घरात एकीकडे नवऱ्याचे कॉल, दुसरीकडे नातीचा अभ्यास. पोथी वाचायला शांत जागा तिला त्या खोलीतच सापडणार, हे पाया खणायच्या आधीच दिसत होतं. "आजी इज अ बेनिफिट इन काइंड," लेक म्हणाली, आणि कायद्याच्या दृष्टीने ती फारशी चुकत नव्हती. कोकणात माझ्या आजोबांची वकिली ओटीवर चालायची. पक्षकार एका बाजूला, तांदूळ निवडणाऱ्या बायका दुसऱ्या बाजूला. त्यातला किती टक्के वापर खाजगी, असं कोणी विचारलं असतं तर आजोबांनी त्याला आधी चहा दिला असता.

शेवटी खोली आम्ही घरच्या पैशाने बांधली. त्यासाठी कंपनीतून लाभांश काढला आणि त्यावर कर भरला. हा मार्ग महाग पडला. अकाउंटंटने दोनदा विचारलं, "नक्की ना?" नक्की. आमच्या जमिनीवर कंपनीच्या मालकीची इमारत नको, उद्या घर विकताना कोणाचं किती याचा गुंता नको, आणि आई किती तास बसली याची वही तर अजिबातच नको. टेबल, खुर्ची, स्क्रीन कंपनीने घेतलं. विजेचा कामापुरता हिस्सा कंपनी देते. ज्यांच्या घरी दिवसभर दुसरं कोणी नसतं, त्यांचं गणित वेगळं निघेल. त्यांनी कंपनीचा मार्ग जरूर तपासावा.

बाकी नियम इंग्लंडपुरते सांगते. कुंपणापासून दोन मीटरच्या आत बांधत असाल, तर उंची अडीच मीटरच्या वर नको, नाहीतर परवानगी लागते. खोलीवर बिझनेस रेट्स लागू शकतात, विशेषतः ग्राहक तिथे येत असतील तर. पण तुमची ती एकच जागा असेल आणि तिचं रेटेबल मूल्य १२,००० पौंडांपर्यंत असेल, तर पूर्ण सूट मागता येते. झोपायची सोय केली की बांधकामाचे नियम बदलतात. आई दुपारी खुर्चीत डुलकी घेते. तिला झोप म्हणत नाहीत, असं मी धरून चालते.

आणि घराच्या विम्यात खोलीची नोंद करायला विसरू नका. आमच्या विमा कंपनीने हप्ता वाढवला नाही, फक्त दाराला कुलूप कोणतं ते विचारलं.