तिथीवर चालणारं बंदर

चि. बाळ,

काल्हेरच्या गोदामात तुला नोकरी लागली, फार बरं वाटलं. रात्रभर मालाची चढउतार चालते, म्हणालास. भिवंडीला हे काम जुनंच आहे. गावात बंदर मोहल्ला आहे, तो उगाच नाही. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि आरमाराची जहाजं इथल्याच खाडीकाठी बांधायला काढली. पुढे 1854 साली आगगाडी कल्याणला पोचली, भिवंडी मात्र रुळांपासून बाजूलाच राहिली. भात, लाकूड, गवत पाण्यावरूनच जायचं: कामवारी नदीतून उल्हासच्या खाडीत, तिथून ठाण्याकडे, नाहीतर घोडबंदरावरून वसईला.

या मालाचं वाहन म्हणजे शिडाचा मचवा. त्यावर एक तांडेल आणि मोजके खलाशी. दुपारी खारे वारे सुटले की भरतीबरोबर आत यायचं, पहाटेच्या मतलई वाऱ्यावर ओहोटीसोबत बाहेर पडायचं. तांडेलाचं घड्याळ म्हणजे तिथी. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीत आत पाणी चढायला आणखी वेळ धरायचा. मला हा हिशेब आजही थक्क करतो. अष्टमीच्या सुमारास भांगाचं, म्हणजे कमी चढणारं पाणी. तेव्हा भरलेला मचवा चिखलात रुतला तर उधाणाची वाट बघत बसायचं. पावसाळ्यात मचवे काठावर ओढून शाकारायचे. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा, वर राळ-तेल भरायचं. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की पुन्हा पाण्यात.

रस्ते झाले, पूल झाले, ट्रक आले आणि हा धंदा बसला. ट्रक दारापर्यंत माल नेतो, त्याला दोष कसा द्यायचा? पण खाडीकडे आपण पाठ फिरवली, कामवारीत सांडपाणी सोडलं, हे मला सहन होत नाही.

आता 2016 च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 ठरला आहे. पाण्यावरून पुन्हा माल न्यायचा असेल, तर या खाडीची नस ठाऊक असलेली माणसं हवीत. म्हणून एक काम कर. सुट्टीच्या दिवशी काल्हेर-कशेळीच्या म्हाताऱ्या आगरी-कोळी मंडळींकडे जाऊन बस. भरती कुठवर चढायची, वाळू कुठे साचायची, मचवा कुठल्या काठाने हाकायचा, सगळं विचार आणि वहीत उतरवून घे. पुढच्या वर्षावर टाकू नकोस. ती माणसं थकली आहेत.

तुझा,
मामा