कात्रणातल्या छत्र्या

शेळगावात तात्यांच्या पडवीत कॅलेंडरशेजारी वर्तमानपत्राचं एक कात्रण डकवलेलं होतं. आभाळभर हवाई छत्र्या, खाली मोकळं रान. आम्ही पोरं त्यांवर बोट ठेवून विचारायचो, "तात्या, ह्यातली तुमची कंची?" ते नुसते हसायचे आणि पाळीचं पाणी सोडायला निघायचे. पलटणीतून सुटून आल्यावर नीरा डाव्या कालव्यावर ते पाटकरी होते. अमावस्येलाही बॅटरी न लावता चारीच्या बांधावरून चालायचे. बांगलादेशच्या लढाईत ते नेमके कुठे होते, हे घरातसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. पत्रांवर ५६ एपीओ, म्हणजे लष्करी टपालाचा, एवढाच पत्ता. म्हातारी आई तोच देवापुढं ठेवायची.

पुण्याला कॉलेजात गेल्यावर त्या कात्रणामागची हकीकत मी वाचून काढली. ११ डिसेंबर १९७१ची संध्याकाळ. कलाईकुंडा आणि डमडमहून निघालेल्या विमानांतून २ पॅराचे सुमारे ७०० जवान टांगाईलजवळ उतरले. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी; आज ती स्पेशल फोर्सेसमध्ये आहे. जमालपूर, मैमनसिंगहून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवायची, त्यासाठी पूंगलीचा पूल धरायचा, असं काम होतं. कॅप्टन पी. के. घोष आधीच गुपचूप आत जाऊन कादर सिद्दिकींच्या मुक्तिवाहिनीत राहिले होते. उतरायची जागा त्यांनी हेरून ठेवली. मला त्यांच्या धैर्याचं फार कौतुक वाटतं. शत्रूच्या मुलखात अशा माणसाच्या पाठीशी कुठली पलटण असते?

पुढं कळलं, की जगभर छापून आलेला तो फोटो टांगाईलचा नव्हताच. आग्र्याला अख्ख्या ब्रिगेडनं केलेल्या जुन्या सरावाचा होता. लष्कराच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी, राममोहन राव यांनी, तो जुना असल्याचं न सांगता वर्तमानपत्रांना दिला. ५,००० छत्रीधारी उतरल्याची बातमी पसरली आणि ढाक्यातल्या पाकिस्तानी सेनापतींच्या मनावर तिचं दडपण आलं.

सुट्टीत मी तात्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मला म्हाईत हाय की. आग्र्याच्या उडीत मीबी हुतो. ह्यातली येखादी छत्री माझी आसंल." आणि मग पहिल्यांदाच मोकळे झाले.

टांगाईलला छत्र्या गावभर विखुरल्या होत्या. अवजड सामानातलं काही तळ्यात पडलं. तांदळाच्या खाचरांतून दारूगोळ्याच्या पेट्या ओढताना दम लागत होता. तेवढ्यात गावकरी धावत आले. पोरं, म्हातारे, सगळे. पेट्या डोक्यावर घेऊन पुलाच्या दिशेनं चालू लागले. भाषा कळत नव्हती, कुणी विचारलंही नाही. अंधार पडल्यावर पूल हाती आला आणि रात्रभर त्यावर हल्ले झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, येऊन मिळाली. तिथं बंगालच्या चिखलात सातारी, कोल्हापुरी बोली ऐकून तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. १६ डिसेंबरला ते ढाक्यात होते.

तात्या गेले तेव्हा त्यांच्या मुलानं कात्रण मला दिलं. ते माझ्याकडं चौकटीत आहे. माझी मुलगी विचारते, तेव्हा छत्र्यांपेक्षा मी पेट्या वाहणाऱ्या त्या बंगाली माणसांबद्दल जास्त बोलतो. तात्याही तेच करायचे. एका म्हाताऱ्यानं पेटी खाली ठेवून त्यांच्या हातात मूठभर मुरमुरे दिले होते. त्याचं नाव विचारायचं राहिलं, ही चुटपुट त्यांनी शेवटपर्यंत बोलून दाखवली.