पाणी कुठून येते?

आमच्या तिरोडीकडे पावसाळ्याची वर्दी मेघांच्या आधी कवेलू देत असत. मोहफुले वेचून संपली, तेंदूपत्त्याचे फड उठत आले आणि नवतपा तापू लागला, की मोहल्ल्यातल्या एखाद्या घरावर माणूस चढलेला दिसायचा. ‘घर फेरायला काढलं’ असे आम्ही म्हणतो. फेरणे म्हणजे छपरावरचे एकेक कवेलू उचलायचे, झटकायचे, फुटके बाजूला काढायचे आणि धड ते पुन्हा जागेवर बसवायचे. नांगरट आणि फेरणी ही दोन कामे मृगाच्या आत उरकली नाहीत, तर त्या घरच्या कर्त्या माणसाकडे लोक जरा वेगळ्याच नजरेने पाहत.

तिरोडी हे बालाघाट जिल्ह्यातले मँगनीजचे गाव. खाणीतला माल वाहण्यासाठी तुमसरहून लोहमार्ग इथवर आला. इथे सापडलेल्या एका खनिजाला १९३८ साली शास्त्रज्ञांनी ‘तिरोडाइट’ असे नाव दिले होते. पुढे ते नाव शास्त्रीय यादीतून गळाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, भंडारा तिकडे गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून आमच्या घरात मराठी, शाळेत हिंदी आणि अंगणात पोवारी असा संसार सुखाने चालू आहे. पावसाला मात्र ही हद्द ठाऊक नाही. तो दोन्हीकडे सारखाच, म्हणजे धो धो पडतो. धानाच्या मुलखाला तो हवाच असतो. फक्त तो बांधीत पडावा, अंथरुणात पडू नये, एवढीच प्रार्थना!

गावठी कवेलू ही मोठी शहाणी वस्तू आहे. कुंभार चाकावर एक निमुळती नळी ओढतो आणि ती ओली असतानाच तिला उभी चीर देतो. भाजल्यावर तिची दोन कवेलू होतात. छपरावर एक ओळ उताणी मांडायची आणि दोन उताण्या ओळींच्या कडांवर एक पालथी ओळ झाकायची. उताण्या ओळीतून पाणी वाहते, पालथी ओळ सांधा राखते. वरच्या कवेलूचे तोंड खालच्यावर चढलेले असते. ना खिळा, ना चुना. उतार आणि स्वतःचे वजन एवढ्यावर सारे छप्पर उभे. उन्हाळ्यात फटींतून वारा खेळतो, चुलीचा धूर वाट शोधून निघून जातो.

पण जे चिकटवलेले नाही ते हलते. रात्री मांजर उंदरामागे धावले, दुपारी वानरांची टोळी उतरली, पोरांनी चिंचा पाडायला दगड भिरकावला, की एखादे कवेलू बोटभर सरकते. उताण्या ओळीत पाने आणि माती साचली, तर पाणी काठावरून आत उतरते. म्हणून फेरणी दरवर्षी. कवेलू हा एकदा घालून विसरण्याचा कारभारच नव्हे.

माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरीच्या दशकात, आमचे घर फेरायला मोहल्ल्यातलेच एक म्हातारे येत. सगळे त्यांना आजा म्हणत. त्यांचे अंग काटकुळे, पाय अनवाणी. कवेलूवर पाय कुठे द्यायचा हे त्यांच्या तळव्यांना कळे. खाली वासा आहे तिथेच पाऊल. मला ते घरात उभे करीत आणि हातात तुराटी देत. भर दुपारी दारे-खिडक्या लावून घेतल्या, की काळोख्या छपरात उजेडाचे बारीक ठिपके दिसू लागत. जिथे ठिपका, तिथे मी तुराटी खुपसायची; वर तिचे टोक दिसले, की आजा तिथले कवेलू उचलत.

एकदा मी देवघराच्या कोपऱ्यात तुराटी खुपसू लागलो. उजेड नव्हता, पण आदल्या पावसाळ्यात पाणी तिथेच ठिबकले होते. आजा वरून हसले. “पानी जेथं पडते तेथून येत नाई, बापू. वरतं पाय.”

वर पाहिले. आढ्याजवळ, सहा-सात हातांवर, एक ठिपका चमकत होता. तिथून शिरलेले पाणी बांबूच्या पोटाशी चिकटून उतारभर चालत येई आणि बांबूला गाठ लागली, की तिथे थबकून खाली पडे. आम्ही तिथे गंज ठेवून मोकळे होत होतो. पुढे एम.ए.ला मी मोठमोठे ग्रंथ वाचले; पण शोध कसा घ्यावा याचे याहून नेमके वाक्य मला त्यांत आढळले नाही.

त्याच सुमारास आमच्या बाजाराच्या मैदानात गाडी लोहारांची बिऱ्हाडे उतरत. विळे, पावशी, कुऱ्हाडी शेवटून देणारी ही माणसे. त्यांचे घर म्हणजे बैलगाडी. तिच्यावरच खाट, भांडी, पोरे, कोंबड्या. गाडुलिया लोहारांत एक कथा सांगतात. १५६८ साली चितोड पडले, तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी शपथ घेतली, की गड परत मिळेपर्यंत पक्क्या छपराखाली राहणार नाही. ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरू त्यांना घेऊन चितोडच्या गडावर गेले आणि ती शपथ समारंभपूर्वक सुटली. तरी कित्येकांची चाके फिरतच राहिली.

चाकांवरच्या त्या घरांना छप्पर होते ते ताडपत्रीचे, आणि ताडपत्रीला आजाचा उजेडाचा उपाय चालत नाही. बारीक भोकातून उजेड दिसत नाही, पाणी मात्र येते. त्यांची रीत वेगळी होती. ताडपत्री ताणून बांधायची. बाई खाली कोळसा घेऊन बसायची, माणूस वरून लोट्याने पाणी सोडायचा. पण एकदम नाही. आधी खालच्या कडेला, मग हातभर वर, मग आणखी वर. जिथे ओल उमटे तिथे कोळशाची फुली. मग वाळवून त्या फुलीवर डांबरात बुडवलेले चिरगूट. खालून वर जाण्यातले मर्म मला फार उशिरा कळले. वरून सुरुवात केली तर पाणी साऱ्या ताडपत्रीवरून ओघळते आणि कोणत्या भोकाने घात केला ते समजत नाही.

हे दोन्ही धडे मला शाळेत उपयोगी पडले. मी मुख्याध्यापक आहे ती शाळा आधी कवेलूची होती, नंतर तिच्यावर स्लॅब आला. काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रात्री कार्यालयातल्या कपाटावर पाणी गळले आणि जुने दाखिल-खारिज रजिस्टर भिजले. बाहेरच्या माणसाला ती एक जुनाट वही वाटेल. पण आमच्याकडे खाणीत राबलेल्या, शेतात खपलेल्या कितीतरी माणसांच्या जन्मतारखेचा दुसरा पुरावाच नाही. त्याच आठवड्यात एक वृद्ध गृहस्थ निवृत्तिवेतनाच्या कागदासाठी दाखला मागायला आले. त्यांचे पान उघडले तर निळी शाई पसरून आकड्यांचे डबके झालेले. ते काही बोलले नाहीत. नुसते त्या डबक्याकडे पाहत राहिले. सुदैवाने रजिस्टरात तारीख आकड्यांत आणि अक्षरांत अशी दोनदा लिहिण्याची पद्धत आहे. पानांमध्ये वर्तमानपत्रे घालून तीन दिवस पंख्याखाली वाळवले, तेव्हा अक्षरांतली तारीख वाचता आली. त्यांचे वय वाचले!

मग गळतीचा शोध. कपाटाच्या नेमके वर, गच्चीवर, दोनदा डांबर ओतून झाले होते. पाणी दोन्ही वेळा हसत खाली आले. आमच्या शाळेचे भृत्य धानाचे शेतकरी. ते म्हणाले, “सर, बांध्या पाडू.” आम्ही गच्चीवर मातीचे वीतभर उंचीचे धुरे घालून चार बांध्या केल्या आणि सखल बाजूच्या बांधीपासून एकेक भरत गेलो. एक बांधी एक दिवस. तीन बांध्या कोरड्या ठणठणीत निघाल्या. चौथी भरली आणि तासाभरात कपाटावर थेंब. पाण्याच्या टाकीचा नळ जिथे स्लॅबमधून खाली उतरतो तिथे चीर होती, कपाटापासून पंधरा फुटांवर! तिथून शिरलेले पाणी विजेच्या तारांच्या नळीतून चालत येऊन दिव्याच्या भोकातून कपाटावर पडत होते. बांबूची जागा नळीने घेतली होती, एवढाच फरक. आधी वीज तोडली, चीर खोदून सिमेंटने भरली, नळाभोवती उंचवटा केला. त्यानंतर कपाट कोरडे आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा अमेरिकेतून फोन आला. सुट्टीत फिरायला त्याने मोटारीमागे जोडायचे एक जुने घर घेतले आहे. त्याला तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आत पलंग, शेगडी, नळ, सारा संसार. मला त्याच्या बोलण्यात गाडी लोहारांची बिऱ्हाडे दिसू लागली! तक्रार एकच. पलंगावरच्या दिव्यातून पाणी ठिबकत होते. त्याने दिव्याभोवती नळकांड्यातला मसाला भरला, तर पाणी शेजारून येऊ लागले.

मी विचारले, “पाणी पडतं ती जागा राहू दे. छपराला वरून भोकं किती?”

तो मोजून म्हणाला, “सात, सर.” हवेच्या खिडक्या, एरियल, सांडपाण्याच्या नळीचा वायुमार्ग, असे सगळे मिळून सात. त्या घराचे छप्पर जवळजवळ सपाट, वर रबराची चादर, खाली प्लायवुड. चादर सहसा फुटत नाही. भोकांच्या कडांना लावलेला मसाला मात्र उन्हाने आकसतो, तडकतो. मी त्याला लोहारांची रीत सांगितली. त्याने पाण्याची नळी खालच्या टोकापासून फिरवली, एका वेळी एकच भोक. सूनबाई आत बॅटरी आणि खडू घेऊन बसल्या. पाचव्या भोकाला, पलंगापासून बऱ्याच दूर, खडूची फुली पडली. त्याने जुना मसाला खरवडला, जागा पुसून कोरडी केली, रबराला धरणारा खास मसाला लावला. साधे सिलिकॉन त्या रबरावर टिकत नाही, हे मला त्याच्याकडून कळले. अशा घरांचे छप्पर वर्षातून दोनदा तरी वर चढून तपासावे लागते, नाहीतर आतले लाकूड गुपचूप कुजत जाते. म्हणजे तिकडेही फेरणी आहेच!

आणि इकडे? २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत हाताने घडवलेल्या कवेलूंचे छप्पर ‘कच्चे’ ठरले, यंत्रावरचे ‘पक्के’. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेत सपाटीवरच्या ग्रामीण भागात घरामागे एक लाख वीस हजार रुपये मिळू लागले आणि मोहल्ल्यातली कवेलू भराभर उतरली. मी याबद्दल जरा हळहळलो, तेव्हा माझी ऐंशी ओलांडलेली आई म्हणाली, “तू कर कवेलूचं कौतुक. रात्रभर गंज मी रिकामे करत होते.”

यावर उत्तर नाही. छपरातून विंचू पडत, जुन्या बायकांच्या श्रावणातल्या रात्री जागरणात जात. आईच्या खोलीवर आम्ही स्लॅब टाकला. ती आता पाऊस ऐकत निवांत झोपते. स्वयंपाकघराची कवेलू तशीच ठेवली. यंदा ती फेरायला माणूस शोधला तर दोन गावे ओलांडून एक साठीचे गृहस्थ आले. पुढच्या वर्षीचे विचारले तर म्हणाले, “गुडघे म्हणतील तसं.”

कवेलू जातील तर जावोत. कुंभाराच्या पोरांनाही दुसरी वाट हवीच आहे. पण कवेलू दरवर्षी माणसाला वर चढायला लावत होते, ती सवय त्यांच्याबरोबर जाऊ नये. स्लॅबवाला म्हणतो, आता पन्नास वर्षे बघायला नको. आणि आपण खरेच बघत नाही. मग पाणी आत कुठेतरी चालत राहते आणि एके रात्री कुणाच्या तरी जन्मतारखेवर पडते. म्हणून मी आमच्या शाळेत एक रिवाज पाडला आहे. नवतप्यात सुट्टी असली तरी एक दिवस आम्ही चार-सहा जण गच्चीवर जातो, पाने झाडतो, नळाच्या कडा चाचपतो. सोबत नववीतली दोन मुले असतात. त्यांना मी वरच्या चिरा दाखवतो आणि मग खाली नेऊन विचारतो, “सांगा, यातलं पाणी कुठं पडेल?” बहुतेक वेळा त्यांचे उत्तर चुकते. मग ती दोघे पुन्हा वर धावतात.