पिवळाच दिवा मागून घ्या

यंदा चातुर्मासाआधी घरातले सगळे दिवे एलईडी केले. 60 वॅटच्या जुन्या बल्बएवढा उजेड 9 वॅटमध्ये पडतो. रोज पाच तास धरले, तर महिन्याला 9 युनिटऐवजी दीडसुद्धा लागत नाही. हा हिशेब ह्यांना लगेच पटला, सासूबाईंना नाही. "वीज म्हणजे अग्निकायच. कमी जाळली तरी हिंसा ती हिंसाच." (वीज सचित्त की अचित्त, यावर साधूंचीही मते वेगळी आहेत. त्यात मी पडत नाही.)

माझं लक्ष होतं व्हरांड्याकडे. पावसाळ्यात बल्बखाली सकाळी पंखांचा सडा पडलेला असायचा, केरसुणी फिरवताना हात थांबायचा. त्या बल्बची काच एवढी तापायची की टेकलेला किडा भाजूनच मरायचा. एलईडी तेवढा तापत नाही. पण घ्याल तो पिवळसर उजेडाचाच घ्या, पांढऱ्याशुभ्र उजेडावर किडे जास्त येतात. दुकानदार पांढराच पुढे करतो!

सासूबाईंनी शेवटी एका अटीवर होकार दिला: वीज कमी लागते म्हणून रात्रभर जळत ठेवायचा नाही. त्यामुळे साडेनऊला आमचा व्हरांडा अंधारात.